प्लॅनच्या आधी कंटूर: किरणोपचारातलं रेखाटन आणि नियोजन सुधारायचं कसं

उपचाराच्या टेबलावर रुग्ण रोज थोडा इकडेतिकडे होतो. ते सीबीसीटीत, म्हणजे टेबलावरच घेतलेल्या सीटीत, दिसतं आणि टेबल हलवून दुरुस्त करता येतं. कंटूर, म्हणजे प्रतिमेवर गाठीभोवती किंवा अवयवाभोवती आखलेली सीमारेषा, मात्र ३ मिलिमीटर आत काढला गेला, तर तो पहिल्या फ्रॅक्शनपासून (उपचाराच्या बैठकीपासून) शेवटच्या फ्रॅक्शनपर्यंत तेवढाच आत राहतो आणि आपण रोज इमानेइतबारे त्या चुकलेल्या कंटूरवरच रुग्णाला जुळवत राहतो. किरणोपचाराच्या साखळीत एवढी चिवट चूक दुसरी नाही.

तिची किंमत किती असते हे ट्रॉग ०२.०२ या डोके-मानेच्या कर्करोगावरच्या चाचणीने दाखवून दिलं. चाचणी होती टिरापाझामिन नावाच्या औषधाची. औषधाने फायदा झाला नाही. पण २०१० साली प्लॅनच्या दर्जाचं जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात मोठ्या उणिवा असलेल्या प्लॅनवर उपचार झालेल्यांपैकी दोन वर्षांनी ५० टक्के रुग्ण हयात होते, तर सुरुवातीपासून प्रोटोकॉलप्रमाणे उपचार झालेल्यांपैकी ७० टक्के. औषधाकडून जो फरक अपेक्षित होता त्याहून मोठा फरक प्लॅनच्या दर्जाने पाडला.

म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा कंटूरला आणि त्याच्या आधीच्या कामाला दिली आहे. ऑप्टिमायझरपुढे, म्हणजे डोसची मांडणी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे, बसून तासभर आकडे हलवण्यापेक्षा कंटूरवर जास्तीचा अर्धा तास घालवला तर हाती जास्त लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. लेख रेसिडेंट डॉक्टर, फिजिसिस्ट आणि डोसिमेट्रिस्ट यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

सिम्युलेशन: इथे सुटलेलं पुढे सापडत नाही

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे उपचाराच्या रंगीत तालमीत, घेतलेला प्लॅनिंग सीटी म्हणजे रुग्ण पुढचे काही आठवडे ज्या स्थितीत राहणार आहे तिचा नमुना. त्या दिवशी स्थिती वेगळी असेल तर नमुनाच खोटा ठरतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्रोस्टेटचं. प्लॅनिंग सीटीच्या वेळी ज्यांचा गुदाशय फुगलेला होता, त्यांच्यात पीएसए (प्रोस्टेट कर्करोगाचा रक्तातला निर्देशक) पुन्हा वाढण्याचं प्रमाण जास्त होतं, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्या रुग्णांना रोज प्रोस्टेट बघून जुळवण्याची सोय नव्हती. गुदाशय फुगल्यामुळे प्रोस्टेट पुढे ढकललेली, कंटूर त्या जागी काढलेला. पुढे गुदाशय रिकामा झाला की प्रोस्टेट मागे सरकणार आणि डोस पुढेच पडत राहणार. तेव्हा स्कॅन झाल्यावर रुग्ण टेबलावर असतानाच प्रतिमा बघा. गुदाशयात वायू भरलेला दिसला तर रुग्णाला उठवा, पोट साफ होऊ द्या आणि पुन्हा स्कॅन घ्या. वेळ जातो, पण हा वेळ पुढे कुठेच भरून काढता येत नाही.

बाकीच्या गोष्टी ठरवून टाकता येतात. स्लाइसची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ३ मिलिमीटर, मेंदूतल्या स्टिरिओटॅक्टिक (नेमक्या जागी, थोड्या बैठकांत मोठा डोस देणाऱ्या) उपचारासाठी १ मिलिमीटर. मास्क घट्ट बसलाय का, हनुवटी हलते का, खांदे खाली ओढलेले आहेत का, हे सिम्युलेशनच्या खोलीतच बघायचं. ज्या अवयवाचा डोस टक्क्यांत मोजणार तो स्कॅनमध्ये पूर्ण आला पाहिजे; फुफ्फुसाचा खालचा भाग कापला गेला तर व्ही२० चा (२० ग्रे किंवा जास्त डोस मिळालेल्या भागाच्या टक्केवारीचा; ग्रे हे डोसचं एकक) आकडा निरर्थक ठरतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर दोन स्कॅन घ्या, एक साधा आणि एक कॉन्ट्रास्टचा. कंटूर कॉन्ट्रास्टवर, डोसची गणना साध्यावर.

छाती किंवा पोटाच्या वरच्या भागातली गाठ असेल तर फोर-डी सीटी, म्हणजे श्वासाच्या प्रत्येक टप्प्यातला सीटी, हवाच. एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २००६ च्या टीजी-७६ अहवालाने श्वासाबरोबरची हालचाल ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिचा बंदोबस्त करावा अशी मर्यादा सांगितली, आणि ती आजही कामाची आहे. श्वास अनियमित असेल तर फोर-डीत पायऱ्या पडल्यासारख्या कापलेल्या प्रतिमा दिसतात. तशा प्रतिमांवर कंटूर काढू नका. रुग्णाला श्वासाची लय समजावून द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

माउसला हात लावण्याआधी

कंटूर हा निर्णय आहे आणि निर्णयाला माहिती लागते. स्क्रीनवर जे दिसतं तेवढ्यावर काढलेला कंटूर अर्धवट असतो, कारण गाठीचा बराचसा भाग सीटीत दिसतच नाही. घशाच्या पृष्ठभागावर पसरलेला आजार दुर्बिणीत दिसतो, सीटीत नाही. अन्ननलिकेतल्या गाठीची वरची-खालची हद्द एंडोस्कोपीच्या नोंदीत सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णात कडा कुठे जवळ होत्या हे पॅथॉलॉजीच्या अहवालात असतं आणि सर्जनने क्लिप कुठे व का लावली हे ऑपरेशनच्या नोंदीत. आधी केमो झाली असेल तर केमोच्या आधीचा स्कॅन मिळवायलाच हवा. गाठ आक्रसली म्हणून जिथे ती आधी पोहोचली होती ती जागा कर्करोगमुक्त झाली असं मानता येत नाही.

हे वाचून झालं की चार-पाच ओळींची टिपण लिहा: मूळ गाठ कुठे, कुठले लिम्फ नोड पॉझिटिव्ह, कुठले संशयास्पद आणि त्यांचं काय करायचं ठरलं, कुठली बाजू धोक्याची, किती डोस किती फ्रॅक्शनमध्ये. ती टिपण प्लॅनच्या फायलीत राहू द्या. पुढे कंटूर तपासणाऱ्याला त्यातून तुमचा विचार कळतो, आणि लिहिता लिहिता तुमचं तुम्हालाही समजतं की कुठे अजून रेडिओलॉजिस्टला विचारायचं बाकी आहे. हे विचारणं फोनवर उरकू नका. शेजारी बसून, एकाच स्क्रीनकडे बघत दहा मिनिटं घालवली तर ‘डाव्या बाजूला थोडं पसरलंय’ या वाक्याचा नेमका अर्थ कळतो.

फ्युजन: कुठे जुळलंय ते बघा

एमआरआय किंवा पेट (ऊतीची क्रियाशीलता दाखवणारा स्कॅन) प्लॅनिंग सीटीवर बसवताना, म्हणजेच फ्युजन करताना, सॉफ्टवेअर ‘जुळलं’ म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा हाडं जुळल्याचं सांगत असतं. मेंदूत तेवढं पुरतं, कारण कवटीच्या आत मेंदू फारसा सरकत नाही. ओटीपोटात पुरत नाही. प्रोस्टेट हाडांच्या हिशेबाने हलते, म्हणून तिथे सोन्याचे मार्कर किंवा प्रोस्टेटचीच सीमा जुळवायची. मानेत तर निदानाच्या वेळचा एमआरआय वेगळ्या उशीवर, मास्कविना घेतलेला असतो. जबड्याशी जुळवला तर मणके सुटतात, मणक्यांशी जुळवला तर जबडा सुटतो. अशा वेळी गाठीच्या परिसरातला छोटा चौकोन निवडून तेवढाच भाग जुळवा आणि तो एमआरआय फक्त त्या परिसरासाठी वापरा.

तपासण्याची पद्धत साधी आहे. दोन प्रतिमांमध्ये पडदा सरकवत तिन्ही प्रतलांत हाडांच्या कडा, वायूच्या पोकळ्या, रक्तवाहिन्यांचे फाटे बघत जा. एएपीएम टीजी-१३२ अहवाल २०१७ चा आहे. त्यात जुळणीतली चूक २ ते ३ मिलिमीटरच्या आत असावी असं मार्गदर्शन आहे. वाकवून जुळवणारं, म्हणजे डिफॉर्मेबल फ्युजन दिसायला फार सुंदर असतं. त्याचीच भीती असते. गाठ आक्रसलेली असेल तर ते जुनी गाठ ओढूनताणून नव्या गाठीच्या आकारात बसवतं, आणि केमोच्या आधीची हद्द शोधण्याचा जो हेतू होता तोच नाहीसा होतो.

जीटीव्ही: दिसणारी गाठ

आयसीआरयू या किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९३ च्या ५० क्रमांकाच्या अहवालापासून जीटीव्ही (दिसणारी गाठ), सीटीव्ही (न दिसणारी पसरणही धरून), पीटीव्ही (सेटअपच्या चुकीसाठी मार्जिन धरून) या तीन पातळ्या रूढ आहेत. १९९९ च्या ६२ व्या अहवालाने त्यात अंतर्गत हालचाल आणि जोखमीच्या अवयवांभोवतीची मार्जिन आणली, २०१० च्या ८३ व्या अहवालाने आयएमआरटीच्या (किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या उपचाराच्या) काळातली डोस लिहिण्याची पद्धत ठरवली. तिन्ही पातळ्या वेगळ्या ठेवण्यामागे कारण आहे. जीटीव्ही काढतानाच ‘हात राखून’ थोडं मोठं काढलं, सीटीव्हीत आणखी थोडं आणि पीटीव्हीत पुन्हा थोडं, की एकच भीती तीनदा मोजली जाते. जीटीव्हीत फक्त जे आहे ते. शंका सीटीव्हीत, सेटअप पीटीव्हीत.

फुफ्फुसातल्या गाठीवर हे जवळून बघू. समजा, डाव्या वरच्या लोबच्या ब्राँकसपाशी गाठ आहे आणि पुढचा लोब कोसळला आहे. नुसत्या सीटीवर गाठ आणि कोसळलेलं फुफ्फुस एकाच राखाडी रंगाचं दिसतं. घाबरून सगळं धरलं तर जीटीव्ही दुप्पट होतो आणि निरोगी फुफ्फुसाला फुकट डोस जातो. आता क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा विंडो (प्रतिमेतल्या राखाडी छटांची व्याप्ती) पक्की करा: फुफ्फुसासाठी रुंदी १६०० आणि पातळी उणे ६००, मेडियास्टिनमसाठी (दोन फुफ्फुसांमधल्या भागासाठी) रुंदी ४०० आणि पातळी २०. गाठीच्या ज्या बाजूला हवेने भरलेलं फुफ्फुस आहे ती कड फुफ्फुसाच्या विंडोत काढायची, कारण मेडियास्टिनमच्या विंडोत बारीक काटे गायब होऊन गाठ लहान दिसते. जी बाजू हायलमला (फुफ्फुसाच्या मुळाला) टेकते ती मेडियास्टिनमच्या विंडोत काढायची, नाहीतर रक्तवाहिन्याही गाठीत धरल्या जातात. मग पेट चालू करा. कोसळलेल्या फुफ्फुसात एफडीजी (पेटसाठी टोचलेली किरणोत्सर्गी साखर) सहसा कमी असतं, गाठीत जास्त, त्यामुळे हद्द उमटते. पण अडलेल्या भागात न्यूमोनिया झाला असेल तर तोही उजळतो, तेव्हा ताप, रक्ततपासणी आणि ब्राँकोस्कोपीची नोंद हाताशी ठेवूनच पेट वाचा. जास्तीत जास्त एसयूव्हीच्या (पेटमधल्या उजळपणाच्या आकड्याच्या) ४० टक्के अशी मर्यादा लावून आपोआप हद्द काढता येते, पण ती टक्केवारी सगळ्यांना चालत नाही. छोट्या, हलत्या किंवा शेजारच्या ऊतीपेक्षा जेमतेमच उजळ असलेल्या गाठीत ती फसते. शिवाय पेट काही मिनिटं संथ श्वासावर घेतलेला असतो, म्हणून त्यात हालचाल आधीच मिसळलेली असते. माझा नियम असा की पेटने विचारायचं ‘कुठे’ आणि सीटीने सांगायचं ‘कुठपर्यंत’.

दर तिसऱ्या स्लाइसवर काढून मधल्या स्लाइस सॉफ्टवेअरने भरून घ्यायला हरकत नाही, मात्र भरलेली प्रत्येक स्लाइस बघायची. मग सॅजिटल आणि कोरोनल या उभ्या प्रतलांत कंटूर पाहा. आडव्या प्रतलात अगदी देखणा वाटणारा कंटूर उभ्यात करवतीसारखा दातेरी दिसला तर समजा की स्लाइसगणिक निर्णय बदलत होता. गाठीची वरची आणि खालची टोकं ठरवताना तर उभं प्रतलच आधी उघडावं. प्रोस्टेटचं टोक याचा नमुना आहे. आडव्या सीटीवर प्रोस्टेट कुठे संपते आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कुठे सुरू होतात ते कळत नाही, म्हणून हात खालीखाली जातो. एकूणच सीटीवर काढलेली प्रोस्टेट एमआरआयवरच्यापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी मोठी भरते. टी२ एमआरआयच्या सॅजिटल प्रतिमेत टोक ठरवून मगच खाली उतरलं तर तिथल्या ऊतींना मिळणारा नाहक डोस वाचतो.

सीटीव्ही: न दिसणारी गाठ

‘जीटीव्ही अधिक अमुक मिलिमीटर’ ही सीटीव्हीची सुरुवात असते. सगळ्या दिशांना सारखी मार्जिन दिल्यावर जो फुगा तयार होतो तो हाताने कापावा आणि वाढवावा लागतो, कारण कर्करोग शरीररचनेच्या वाटांनी पसरतो. हाड, मोठी फॅशिया, हवेची पोकळी यांपाशी तो सहसा थांबतो. चेता, स्नायूंची दिशा, मेंदूतले पांढरे तंतू यांच्याबरोबर तो पुढे जातो.

आरंभाच्या अंतराला आधार असावा. फुफ्फुसाच्या कर्करोगात काढलेल्या नमुन्यांवरच्या २००० सालच्या अभ्यासात, ९५ टक्के सूक्ष्म पसरण झाकायला ॲडेनोकार्सिनोमात ८ मिलिमीटर आणि स्क्वॅमस प्रकारात ६ मिलिमीटर लागतात असं निघालं. डोके-मानेच्या मूळ गाठीसाठी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने जास्त डोसच्या सीटीव्हीला ५ आणि कमी डोसच्याला १० मिलिमीटर सुचवले, हवा आणि शाबूत हाड वगळून. ग्लायोब्लास्टोमात युरोपीय मार्गदर्शनाने आधीचे २० मिलिमीटर २०२३ मध्ये १५ वर आणले. तिथे फाल्क्स आणि टेंटोरियम या मेंदूतल्या पडद्यांपाशी सीटीव्ही कापायचा, मात्र कॉर्पस कॅलोसम या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंमधून पलीकडे जाणारी वाट उघडी ठेवायची. लिम्फ नोडच्या पातळ्यांसाठी प्रसिद्ध ॲटलास आहेत. आठवणीवर विसंबू नका, दुसऱ्या स्क्रीनवर ॲटलास उघडा ठेवून काढा. अनुभवी लोकही असं करतात, त्यात कमीपणा नाही.

पीटीव्ही: मार्जिनचा हिशेब

फोर-डी सीटीच्या सगळ्या फेजमधली (श्वासाच्या टप्प्यांतली) गाठ एकत्र केली की आयटीव्ही, म्हणजे गाठीच्या हालचालीचा पूर्ण पल्ला, मिळतो. एमआयपी प्रतिमेवरून तो पटकन काढता येतो, पण गाठ डायाफ्रामजवळ असेल तर एमआयपीवर विसंबू नका: यकृताची घनता गाठीएवढीच असते आणि सर्वांत उजळ बिंदू निवडणाऱ्या प्रतिमेत गाठीचा खालचा भाग यकृतात बुडून जातो. तिथे निदान श्वास आत आणि बाहेर या दोन टोकांच्या फेज वेगवेगळ्या काढा.

पुढची मार्जिन अंदाजाने ५ किंवा १० मिलिमीटर ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. व्हॅन हर्क यांनी २००० साली मांडलेलं सूत्र वापरून ती आपल्याच विभागाच्या नोंदींवरून काढता येते: पद्धतशीर (रोज त्याच दिशेच्या) त्रुटीच्या अडीचपट अधिक यादृच्छिक (रोज बदलणाऱ्या) त्रुटीच्या ०.७ पट. एवढी मार्जिन ठेवली तर ९० टक्के रुग्णांमध्ये सीटीव्हीला किमान ९५ टक्के डोस मिळतो. या सूत्रात पद्धतशीर त्रुटीचं वजन किती आहे बघा, आणि कंटूरमधली अनिश्चितता याच खात्यात जाते.

आकड्यांत मांडू. पद्धतशीर त्रुटी २ मिलिमीटर, यादृच्छिक ३ मिलिमीटर. मार्जिन होते ५ अधिक २.१, म्हणजे ७ मिलिमीटर. आता कंटूर काढण्यातली अनिश्चितता आणखी २ मिलिमीटर धरली तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २.८ येतं आणि मार्जिन ९ मिलिमीटरच्या वर जाते. ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोल सीटीव्हीचं आकारमान ३३.५ घन सेंटिमीटर. ७ मिलिमीटर मार्जिनने पीटीव्ही होतो ८२ घन सेंटिमीटर, ९ मिलिमीटरने १०२. कंटूर निश्चित नव्हता, एवढ्याच कारणासाठी २० घन सेंटिमीटर निरोगी ऊतीला पूर्ण डोस. पीटीव्ही अवयवाला भिडतो म्हणून तो हळूच कापून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पीटीव्ही पूर्ण काढा. तडजोड करायची असेल तर ती डोस लिहिताना उघडपणे करा, म्हणजे कुठे कमी पडतंय ते सगळ्यांना दिसेल.

जोखमीचे अवयव

इथे सातत्य ही अर्धी लढाई आहे. गुदाशय वरपर्यंत लांब काढला की त्याचा व्ही७० आपोआप कमी दिसतो, प्रत्यक्षात डोस तेवढाच असतो. म्हणून वरची-खालची हद्द लिहून ठेवा आणि सगळ्यांनी तीच पाळा. फुफ्फुसांच्या आकड्यात जीटीव्ही वजा केला आहे की नाही, मज्जारज्जू काढला की मणक्याची पूर्ण नळी, हेही ठरलेलं असावं. नावांसाठी एएपीएम टीजी-२६३ ची २०१८ ची यादी वापरा. एकाच विभागात एका अवयवाची चार नावं असतील तर जुन्या प्लॅनवरून काही शिकता येत नाही आणि साच्यातली उद्दिष्टं चुकीच्या रचनेला लागतात. मज्जारज्जूभोवती ३ ते ५ मिलिमीटरची पीआरव्ही (अवयवाभोवतीची सुरक्षेची मार्जिन) ठेवायला विसरू नका.

ऑटो-कंटूरिंग वापरताना

डीप लर्निंगवर चालणारी साधनं आता फुफ्फुस, हृदय, मूत्राशय, पॅरोटिड यांचे कंटूर काही मिनिटांत देतात आणि चांगले देतात. ती जरूर वापरा. वाचलेला वेळ जीटीव्हीला द्या. गाठीचा कंटूर मात्र त्यांच्यावर सोपवू नका, कारण एंडोस्कोपीची नोंद त्यांनी वाचलेली नसते.

धोका असा की नीटनेटका कंटूर आयता समोर आला की डोळा तो मान्य करून मोकळा होतो. तपासताना नजर कुठे फिरवायची ते ठरवून घ्या: अवयवाची पहिली आणि शेवटची स्लाइस, धातूमुळे पट्टे पडलेला भाग, शस्त्रक्रियेने बदललेली रचना, कृत्रिम खुबा, नेहमीपेक्षा वेगळ्या स्थितीत झोपलेला रुग्ण. साधन या जागीच अडखळतं. नवं साधन सुरू करताना आपल्याच जुन्या रुग्णांवर ते चालवून बघा आणि तुलनेसाठी नुसत्या डाइस गुणांकावर (दोन कंटूर एकमेकांवर किती बसतात ते ० ते १ मध्ये सांगणाऱ्या आकड्यावर) थांबू नका. यकृतासारख्या मोठ्या अवयवात एका टोकाला सेंटिमीटरभर चूक असली तरी डाइस ०.९५ च्या आसपास दिसू शकतो, आणि कॉक्लियासारख्या चिमुकल्या रचनेत एका व्हॉक्सेलच्या फरकाने तो कोसळतो. सोबत ९५ टक्के हाउसडॉर्फ अंतर (दोन कंटूरच्या कडा एकमेकींपासून किती दूर आहेत) बघा आणि दुरुस्तीला किती वेळ लागला तेही नोंदवा. डोसवर परिणाम करणारी चूक आहे की नाही, हा प्रश्न शेवटी जास्त महत्त्वाचा.

दुसऱ्याची नजर, प्लॅनच्या आधी

बहुतेक विभागांत सहकाऱ्यांची तपासणी प्लॅन तयार झाल्यावर होते. फिजिसिस्टचे दोन दिवस खर्च झालेले, रुग्णाची तारीख दिलेली. अशा वेळी ‘सीटीव्ही मागच्या बाजूला अपुरा वाटतो’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. तपासणी कंटूर झाल्याबरोबर, प्लॅन सुरू होण्याआधी ठेवा. सगळे रुग्ण शक्य नसतील तर डोके-मान, फुफ्फुस, स्टिरिओटॅक्टिक आणि पुन्हा किरणोपचार होणारे रुग्ण आधी घ्या. टिपण वाचा, मग स्लाइस फिरवा. काय बदललं याची एका ओळीत नोंद ठेवा. काही महिन्यांनी ती यादी वाचली की विभाग नेमका कुठे वारंवार चुकतो ते कळतं आणि पुढचं प्रशिक्षण कशावर घ्यायचं तेही.

प्लॅन

फिजिसिस्टकडे जाताना प्राधान्यक्रम लेखी द्या. ‘सगळं जमेल तेवढं वाचवा’ ही सूचना नव्हे. मज्जारज्जू आणि ब्रेनस्टेम सगळ्यांच्या वर, मग टार्गेट, मग पॅरोटिड, असा क्रम असेल तर पेच आल्यावर काय सोडायचं ते ठरलेलं असतं. नेहमीच्या फ्रॅक्शनसाठी क्वांटेक या निरोगी ऊतींवरच्या डोसच्या आढाव्यातल्या २०१० च्या मर्यादा पायाभूत धरता येतात: मज्जारज्जूला ५० ग्रेपर्यंत इजेचा धोका ०.२ टक्के आणि ६० ग्रेला सुमारे ६ टक्के. ब्रेनस्टेम ५४ ग्रे. दोन्ही पॅरोटिडचा सरासरी डोस २५ ग्रेच्या आत, किंवा एकीचा तरी २० च्या आत. फुफ्फुसांचा व्ही२० ३० टक्क्यांच्या आत. फ्रॅक्शनचा डोस बदलला की हे आकडे तसेच वापरू नका. २० फ्रॅक्शनमध्ये ५० ग्रे दिले, तर अल्फा-बीटा गुणोत्तर (फ्रॅक्शनच्या आकाराबाबत ऊती किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ३ धरून ते २ ग्रेच्या हिशेबात ५५ ग्रे होतात.

ऑप्टिमायझरला खोटं टार्गेट देऊ नका. पीटीव्ही त्वचेपर्यंत आला असेल तर मूल्यमापनासाठी तो त्वचेपासून ३ ते ५ मिलिमीटर आत घ्या. त्वचेलगतचा किंवा हवेतला पीटीव्ही भरून काढण्याच्या नादात ऑप्टिमायझर फ्लुएन्स (किरणांचा मारा) वाढवत सुटतो आणि शेजारी हॉटस्पॉट तयार होतात. आजार त्वचेत असेल तर बोलस (त्वचेवर ठेवायचा ऊतीसारखा थर) लावा. पीटीव्हीभोवती एक-दोन रिंग ठेवल्या की डोस झपाट्याने उतरतो. धातूचे पट्टे आणि आतड्यातला कॉन्ट्रास्ट यांची घनता हाताने दुरुस्त करा. फुफ्फुसात साध्या पेन्सिल बीम पद्धतीची गणना वापरू नका. कमी घनतेच्या ऊतीत ती टार्गेटला प्रत्यक्षापेक्षा जास्त डोस दाखवते. एसबीआरटीत (शरीरातल्या स्टिरिओटॅक्टिक उपचारात) गणनेची ग्रिड २ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हवी.

मूल्यमापनाची सुरुवात डीव्हीएचपासून (किती आकारमानाला किती डोस ते दाखवणाऱ्या आलेखापासून) करू नका. आधी ९५ टक्क्यांची आयसोडोस (सारख्या डोसची) रेष घेऊन प्रत्येक स्लाइस बघा. डीव्हीएच ‘पीटीव्हीचा २ टक्के भाग कमी डोसमध्ये आहे’ एवढं सांगतो, तो भाग कुठे आहे ते सांगत नाही. कडेला असेल तर चालेल, जीटीव्हीला लागून असेल तर चालणार नाही. १०७ टक्क्यांचा ठिपका गाठीत आहे की जबड्याच्या हाडात, हेही असंच बघावं लागतं. मग आकडे: डी९८, डी५०, डी२ (९८, ५० आणि २ टक्के आकारमानाला निदान किती डोस मिळतो) आणि अवयवांची यादी. क्वांटेकची मर्यादा पाळली गेली म्हणून थांबू नका. पॅरोटिड २४ ग्रेवर असेल आणि तसाच आकार असलेल्या मागच्या रुग्णात ती १७ वर आली असेल, तर प्लॅन अजून सुधारता येतो. आपल्या विभागातल्या जुन्या प्लॅनचे आकडे हाताशी ठेवण्याचा हा खरा उपयोग.

क्यूएमध्ये, म्हणजे प्लॅनच्या दर्जाच्या मोजणीत, एएपीएमच्या टीजी-२१८ प्रमाणे ३ टक्के आणि २ मिलिमीटरच्या निकषावर गॅमा (मोजलेला डोस प्लॅनशी किती जुळतो ते) ९५ टक्के किंवा जास्त आला पाहिजे, ९० च्या खाली गेला तर थांबून कारण शोधायचं. प्लॅनमध्ये लिहिलेला डोस मशीनने दिला, एवढीच खात्री त्यातून मिळते. चुकीच्या जागी काढलेला कंटूरही गॅमा शंभर टक्क्यांनी पास होतो.

उपचार सुरू झाल्यावर

डोके-मानेत वजन उतरतं, गाठ आक्रसते, पॅरोटिड आत सरकून जास्त डोसच्या पट्ट्यात येतात, मास्क सैल होतो. फुफ्फुसात कोसळलेला लोब उघडला की गाठ सेंटिमीटरभर हलू शकते. म्हणून सीबीसीटी बघताना टेक्नॉलॉजिस्टने फक्त हाडं जुळली का एवढंच न बघता प्लॅनचा पीटीव्ही, मज्जारज्जू आणि बाहेरची त्वचा यांचे कंटूर प्रतिमेवर चालू ठेवावेत. डॉक्टरला कधी बोलवायचं हे आधीच लिहून द्या: मास्क आणि त्वचेत उघड फट, गाठ पीटीव्हीच्या बाहेर, लोब उघडला किंवा नव्याने कोसळला, मूत्राशय प्लॅनच्या निम्म्यापेक्षा कमी भरलेलं. बोलवल्यावर त्याच दिवशी निर्णय व्हावा. पुन्हा सीटी घेतला तर जुने कंटूर वाकवून नव्यावर आणता येतात, पण जीटीव्ही आक्रसला म्हणून सीटीव्ही त्याच्यामागे आत ओढू नका. सुरुवातीला आजार जिथपर्यंत होता तिथपर्यंतची ऊती सीटीव्हीत राहते. बदलायचा तो फक्त रचनेशी न जुळणारा भाग, म्हणजे आता हवेत किंवा हाडात गेलेली कड. नव्या प्लॅनवर जाण्याआधी जुन्या प्लॅनचा आतापर्यंतचा डोस नव्या सीटीवर मोजून मज्जारज्जूची बेरीज बघा आणि ती टिपणात लिहा.